साडेचोवीस घोडे आणि पुण्याचे खड्डे : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी माझ्या रॉयल एनफील्डच्या जुन्या ४११ सीसीच्या, साडेचोवीस हॉर्सपॉवरच्या हिमालयन मोटरसायकलबद्दल लिहिलं होतं. मुद्दा एवढाच होता की पुण्यात राहणाऱ्या माणसाला अशी उंच, एका सिलिंडरची, बेताच्या ताकदीची गाडी लडाखसाठी कमी आणि पौड, वेल्हे, भोरसाठी जास्त उपयोगी पडते. त्यावर बरीच पत्रं आली. ‘बाई असून एवढी मोठी गाडी?’ या सुरावर लिहिलेली बाजूला ठेवली आहेत. उरलेल्यांतली काही घेते.

प्रश्न : माझी उंची पाच फूट दोन इंच. शोरूममध्ये बसून पाहिलं तर दोन्ही टाचा अधांतरी. मिस्टर म्हणतात, स्कूटरच बरी. तुम्ही कसं जमवता? (एक वाचक, कोथरूड)

माझी उंची तुमच्यापेक्षा इंचभरच जास्त आहे आणि टाचा माझ्याही टेकत नाहीत. टेकायची गरजही नसते. या हिमालयनची सीट जमिनीपासून ८०० मिलिमीटरवर आहे, हीरोच्या एक्सपल्स २०० ची त्याहूनही वर. थांबताना उजवा पाय मागच्या ब्रेकवर ठेवायचा, कंबर सीटवरून थोडी डावीकडे सरकवायची आणि फक्त डावा पाय खाली टेकवायचा. चवडा पूर्ण टेकला की झालं. दोन्ही पायांनी जमीन चाचपत थांबायची सवय आपल्याला स्कूटरने लावलेली असते, ती आधी मोडा.

आता पुण्यातली खरी अडचण. रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो. तुम्ही शिस्तीत डाव्या कडेला थांबलात की नेमका डावा पाय खोलात जातो. त्यात कडेला गटाराचं झाकण, उखडलेले पेव्हर ब्लॉक आणि उसाच्या रसवाल्याने सांडलेलं पाणी. म्हणून सिग्नलला कडेपासून दोन हात आत थांबायचं, नाहीतर सरळ फुटपाथच्या कडेला चिकटून पाय फुटपाथवरच ठेवायचा. कुठे थांबणार हे थांबायच्या आधी दहा फुटांवर ठरलेलं असलं पाहिजे. सगळी गंमत तेवढीच आहे.

गाडीचं वजन दोनशे किलोच्या जवळ जातं. चालताना ते जाणवत नाही, पार्किंगमध्ये जाणवतं. उतारावर तोंड खाली करून गाडी कधीच लावू नका. लावताना छान वाटतं, पण काढताना मागे ओढायला शेजाऱ्यांना हाका माराव्या लागतात. गाडी पडली तर हँडल धरून, कंबरेतून वाकून उचलायला जाऊ नका. इंजिन बंद करा, गिअरमध्ये टाका, उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवा. मग गाडीकडे पाठ करून सीटच्या कडेला बूड टेकायचं, एका हातात हँडल, दुसऱ्या हातात कॅरियर, आणि छोट्या छोट्या पावलांनी मागे चालत जायचं. जोर मांड्यांचा, पाठीचा नाही. सोसायटीत एखाद्या रविवारी जुनी गादी टाकून, कुणाला तरी सोबत घेऊन हे एकदा करून बघा. एकदा जमलं की भीती निम्मी होते.

मागचा सस्पेन्शन खाली घेऊन गाडी बुटकी करून देतो म्हणणारे भेटतील. नको. मग साइड स्टँड लांब पडतो, गाडी जवळजवळ उभीच राहते आणि वाऱ्याने उजवीकडे कलंडते. खड्ड्यासाठी दिलेली उंचीही जाते ती वेगळी. अगदीच हवं असेल तर चांगल्या सीटवाल्याकडून फोमच्या पुढच्या दोन्ही कडा तासून घ्या. मांड्या जवळ येतात, पाय सरळ खाली जातो.

मिस्टरांना म्हणावं, स्कूटर ठेवाच. मंडईतून भाजी आणायला तिच्यासारखी गाडी नाही.

प्रश्न : वाघोलीहून हिंजवडीला ऑफिस. जाऊन-येऊन साठाच्या वर किलोमीटर. अशीच गाडी घ्यायचं मनात आहे. योग्य राहील? (एक वाचक, वाघोली)

रोजच्या या प्रवासासाठी घेऊ नका.

खड्डे ती खाते, उंच बसल्यामुळे गाड्यांच्या टपांवरून पुढचं दिसतं, हे खरं. पण नगर रस्ता, येरवडा, विद्यापीठ चौक, बाणेर असा सगळा मार्ग रांगत काढायचा म्हणजे पहिला-दुसरा गिअर आणि डाव्या हाताला सतत क्लच. हवेवर थंड होणारं इंजिन, जोडीला ऑइल कूलर, पण हवा लागायला गाडी चालली तर पाहिजे! एप्रिल-मेमध्ये सिग्नलला पिंडऱ्या शेकून निघतात. हँडल रुंद असल्यामुळे दोन बसच्या मधून स्कूटरवाले जातात आणि तुम्ही मागे राहता.

तरीही घेतलीतच तर आकडे मोजणाऱ्या सिग्नलला गाडी न्यूट्रल करा. अर्धा क्लच दाबून ताटकळत राहणं ही क्लच प्लेट जाळायची हमखास युक्ती आहे.

प्रश्न : मुलगा सेकंडहँड हिमालयन घ्यायला निघाला आहे. विकणारा २०१७ ची म्हणतो. मी कंपनीत आयुष्य काढलं, पण मोटरसायकलमधलं मला फारसं कळत नाही. काय बघू? (एक निवृत्त वाचक, निगडी)

काका, सालापासूनच सुरुवात करू. ही गाडी २०१६ मध्ये आली तेव्हा तिला कार्ब्युरेटर होता. २०१७ मध्ये बीएस-४ या प्रदूषणाच्या नियमांबरोबर फ्युएल इंजेक्शन आलं. एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, २०१८ मध्ये मिळालं. २०२० च्या बीएस-६ गाडीत मागच्या चाकाचं एबीएस बंद करायची सोय आली. २०२३ च्या अखेरीस ४५२ सीसीची, पाण्यावर थंड होणारी नवी हिमालयन आल्यावर जुनीचं पर्व संपलं. म्हणजे २०१७ ची असेल तर इंजेक्शनची आहे का ते बघा, आणि तिला एबीएस नसणार हे धरून चला. मुलाचं वय विशीतलं असेल तर मी एबीएसवालीसाठी थोडे पैसे जास्त टाकीन. आपल्याकडे पहिल्या पावसात रस्त्यावर जो ऑइलचा राप वर येतो, त्याच्यावर पुढचा ब्रेक दाबून बघितलेल्या माणसाला याचं कारण विचारावं लागत नाही.

आता गाडीकडे. सकाळी जा, आणि इंजिन गार असताना बघायचं आहे असं आधीच सांगून ठेवा. पोचल्यावर इंजिनला हात लावा. गरम असेल तर तुमच्यासाठी तापवून ठेवलं आहे. गार इंजिन पहिल्या फटक्यात सुरू व्हावं. सुरू झाल्यावर थोडी टिकटिक येते, तिला घाबरू नका. पण खालून ठोकल्यासारखा जड आवाज आला तर चहा पिऊन परत या.

मग डबल स्टँड. मुलाला सीटच्या मागच्या बाजूने दाबायला सांगा म्हणजे पुढचं चाक उचललं जाईल. हँडल दोन बोटांनी धरा आणि अगदी सावकाश एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न्या. लोण्यातून सुरी गेल्यासारखं गेलं पाहिजे. बरोबर मध्यावर, म्हणजे चाक सरळ असताना, हँडल किंचित अडलं, खाचेत बसल्यासारखं वाटलं, तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग, गेलेला आहे. पुढचं एकवीस इंची चाक खड्ड्यात आपटतं, तो मार फोर्कमधून, म्हणजे चाक धरणाऱ्या दोन दांड्यांतून, वर जातो आणि बेअरिंगच्या गोळ्या एकाच जागी खड्डा पाडतात. उंच गाडी दामटणाऱ्यांचं हे ठरलेलं दुखणं आहे. खर्च फार नाही, पण भाव पाडायला उत्तम. त्याच अवस्थेत फोर्कचे खालचे पाय धरून पुढे-मागे हलवा, खडखड लागली तरी निदान तेच.

चाकं फिरवून बघा. रिम आऊट, म्हणजे वाकडी, असेल तर डोळ्यांनी दिसतं. मग पेन्सिलीने प्रत्येक तारेवर टिचकी मारत जा. सगळ्या तारांचा आवाज साधारण सारखा यायला हवा. एखादी ‘टिंग’च्या ऐवजी ‘थड’ म्हणाली तर ती सैल आहे. तारा ओढून देणारे जुने कारागीर पेठांमध्ये अजून आहेत, काम तासाभराचं असतं. चेन मागच्या स्प्रॉकेटवर, म्हणजे दातेरी चकतीवर, मधोमध धरून मागे ओढा. दात अर्धा उघडा पडला तर चेनकिट संपलं. इंजिनखालची संरक्षक पत्री वाकून बघा. ओरखडे असतील तर काही बिघडत नाही, गाडी तेवढ्यासाठीच आहे. पण पत्री आत दबलेली असेल तर गाडी कुठे कुठे नेली होती ते नीट विचारा.

कागद तर तुम्ही माझ्यापेक्षा चांगले बघाल. चासी आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून घ्या. कर्जावर घेतलेली असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०. एप्रिल २०१९ च्या आधीची नोंदणी असल्यामुळे नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसवली आहे का बघा. विमा नावावर करून घ्यायला चौदा दिवसांच्या आत अर्ज करायचा. ‘नो क्लेम बोनस’ जुन्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही. विकणारा येतो म्हणाला तरी विश्वास ठेवू नका.

सुट्या भागांची काळजी नको. नाना पेठेत फेरी मारली की क्लचवायरीपासून इंडिकेटरपर्यंत सगळं मिळतं. फक्त कोनसेट आणि ब्रेक पॅड ओरिजिनल घ्या, तिथे चिकटपणा करायचा नाही.

प्रश्न : चेन करकर करते. मेकॅनिक म्हणतो बदला. गाडी फार चाललेली नाही. (एक वाचक, धायरी)

आधी साफ करून बघा. रविवारी सकाळी, गाडी डबल स्टँडवर, इंजिन बंद. चेनखाली जुना पुठ्ठा, कारण पार्किंगमधल्या काळ्या डागांवरून सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघतो. रॉकेल आता सहज मिळत नाही, डिझेल किंवा चेन क्लीनर चालेल. जुन्या मऊ टूथब्रशने चारही बाजूंनी घासा. तारेचा ब्रश नको, कड्यांमधल्या रबरी ओ-रिंग कापल्या जातात. नुसतं पाणी मारून तशीच सोडू नका. फडक्याने कोरडी करा आणि नव्वद नंबरचं गिअर ऑइल आतल्या बाजूने, चाक हाताने फिरवत, थेंब थेंब सोडा. अर्ध्या तासाने जास्तीचं पुसून घ्या. नाहीतर सगळं मागच्या चाकावर उडतं आणि त्याच्यावर धूळ बसून वाटण तयार होतं.

इंजिन सुरू करून, गाडी गिअरमध्ये टाकून, फिरत्या चेनला फडकं लावणारे लोक मी पाहिले आहेत. बोटं दहाच असतात. हे कधीही करू नका.

एवढं करूनही आवाज येत असेल तर चेन फार आवळलेली आहे का बघा. बऱ्याचदा तेच असतं. स्वतः वजनाने बसून दुसऱ्याला ढिलाई मोजायला सांगा. मोकळ्या गाडीवर बरोबर वाटणारी चेन माणूस बसला की ताणली जाते. किती ढिली हवी ते पुस्तिकेत आणि बहुतेक वेळा स्विंगआर्मवरच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या, स्टिकरवर लिहिलेलं असतं.

प्रश्न : आई सत्तरीची आहे, नऊवारी नाही पण साडीच नेसते. तिला मागे बसवून दगडूशेठला नेता येईल का? साइड बॉक्स लावले आहेत. (एक वाचक, सहकारनगर)

साडीचा विचार आपल्या कायद्याने केलेला आहे. मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमाप्रमाणे मागे बसणाऱ्यासाठी धरायला कडी, पाय ठेवायला जागा आणि मागच्या चाकाचा निम्मा भाग तरी झाकणारं संरक्षण लागतं. पण बॉक्स बसवताना लोक साडीगार्ड काढून फेकतात. तुमचा आहे का ते आधी बघा. नसेल तर तारांचं चाक आणि पदर यांची गाठ पडू द्यायची नाही.

बाकी, सत्तरीच्या आईने एवढ्या उंचावर एका बाजूने चढायचं, त्यात डाव्या बॉक्सवरून पाय घालायला जागा नाही. आणि एका बाजूने बसलेल्या माणसाचं वजन खड्ड्यात गाडीला त्या बाजूला खेचतं. बुधवार पेठेत पार्किंग कुठे करणार हा पुढचा प्रश्न. रिक्षा करा. आईलाही तेच हवं असेल, विचारून बघा.

प्रश्न : जुलैमध्ये ताम्हिणी करायचा आहे, मागे मिसेस. मूळ टायर बदलून मोठ्या नक्षीचे टाकावेत का? (एक वाचक, वारजे)

नका टाकू. चांदणी चौक, पिरंगुट, पौड, मुळशी धरणाच्या कडेने निवे आणि मग घाट, हा सगळा डांबराचा रस्ता आहे. मोठ्या गोट्यांचे टायर चिखलात पकड देतात, पण ओल्या डांबरावर रबर कमी टेकतं आणि गाडी सरकते. अर्धी नक्षी शिल्लक असलेला साधा टायर तिथे जास्त भरवशाचा.

घाटात गाडी तिसऱ्या गिअरवर ठेवा. या इंजिनचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, लांब आहे, ७८ मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ८६ चा स्ट्रोक, त्यामुळे ३२ न्यूटन मीटरचा टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, चार-साडेचार हजार फेऱ्यांवरच हातात येतो. चढ असो की उतार, गिअर बदलायची घाई नाही आणि उतारावर इंजिनच ब्रेकचं काम करतं. ज्यांना ही गाडी मठ्ठ वाटते त्यांनी तिला कधी घाटात, मागे माणूस आणि समोर धुकं असताना चालवलेलं नसतं. पांढऱ्या पट्ट्यांवर आणि वळणावरच्या मातीवर ब्रेक दाबायचा नाही. हॅझार्ड दिवे, म्हणजे चारही इंडिकेटर एकदम, लावून धुक्यात गाडी चालवायची नाही, मागच्याला तुम्ही कुठे वळताय ते कळत नाही.

शनिवार-रविवारी जाऊ नका. रस्त्यात गाड्या उभ्या करून नाचणाऱ्यांपेक्षा दरड परवडली. निघायच्या आधी जिल्हाधिकाऱ्यांचे बंदीचे आदेश निघालेत का ते बघा. तिकडे भोरहून महाडला जाणारा वरंधाही पावसाळ्यात बरेचदा बंद असतो. आणि मिसेसना धड रेनकोट घेऊन द्या, तुमचा जुना देऊ नका.

प्रश्न : ताई, मी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझ्याकडे एक्सपल्स आहे. मित्र म्हणतात, दोनशे सीसीवर खारदुंग ला चढणार नाही. खरं का? (एक वाचक, शिवाजीनगर)

चढेल. इंजिनीअरिंगला आहेस तर हिशोबच कर. खारदुंग ला ही लडाखमधली खिंड साधारण ५,३५० मीटरवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास असतो. इंजिन हवा ओढून चालतं, तेव्हा ताकदही त्याच प्रमाणात घटते. फ्युएल इंजेक्शन कमी हवेला कमी पेट्रोल देऊन मिश्रण बरोबर ठेवतं, काळा धूर येत नाही. पण नसलेली हवा ते कुठून आणणार? म्हणजे तुझ्या अठरा घोड्यांचे तिथे नऊ-दहा उरतील आणि माझ्या साडेचोवीसचे बारा-तेरा. दोघंही पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये असू. तुझी गाडी माझ्यापेक्षा बरीच हलकी आहे, म्हणजे तुझं फार वाईट चाललेलं नसेल.

गाडीपेक्षा तुझी काळजी जास्त आहे. पुणे साडेपाचशे मीटरवर आहे. लेहला पोचल्यावर दोन दिवस गप्प पडून राहायचं, पाणी प्यायचं आणि मगच वर जायचं. मित्रांनी हेही सांगायला हवं होतं. आणि वडिलांना सांगून जा.

प्रश्न : जुनी बीएस-४ गाडी आणि आता पंपावर सगळीकडे ई-२० पेट्रोल. अॅव्हरेज पडला. इलाज? (एक वाचक, हडपसर)

थोडा पडणारच. ई-२० म्हणजे पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल, आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. दहा टक्क्यांवरून वीसवर गेलं की तीन-चार टक्के फरक हिशोबातच बसतो. त्याहून जास्त पडला असेल तर पेट्रोलला शिव्या देण्याआधी एअर फिल्टर, टायरची हवा आणि चिकटलेला ब्रेक बघा. दर सर्व्हिसला पेट्रोलच्या रबरी नळ्या हाताने दाबून बघा. फुगलेल्या, चिकट किंवा तडकलेल्या असतील तर बदला. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर तेच पेट्रोल टाकीत भरून ठेवू नका. इथेनॉल पाणी धरतं.

प्रश्न : पुढच्या चाकाचं पंक्चर वेल्ह्याच्या पुढे झालं तर काय? ट्यूबलेस करून घ्यावं का? (एक वाचक, नऱ्हे)

तारांच्या रिमला आतून सील करून ट्यूबलेस करून देतात. मी करणार नाही. रिमला मार बसून ती वाकली की हवा सुटते, आणि वाकायची शक्यता नेमकी वेल्ह्याच्या पुढेच असते. शिवाय नंतर तारा ओढायच्या म्हटल्या की ते सील उखडावं लागतं.

त्याऐवजी सीटखाली किंवा बॉक्समध्ये एक एकवीस इंची ट्यूब ठेवा. गावातल्या पंक्चरवाल्याकडे सतरा-अठराची ट्यूब असते, एकवीसची क्वचित. तुमची एक्सपल्स असेल तर तीच ट्यूब अडीअडचणीला मागच्या अठरा इंची चाकातही दुमडून बसते, सावकाश घरापर्यंत येता येतं. उलटं जमत नाही. दोन टायर लिव्हर, बॅटरीवर चालणारा छोटा पंप आणि एक्सलचा नट उघडेल असा पाना एवढं जवळ हवं. कंपनीच्या टूलकिटमधल्या पान्याने तो नट खरंच सुटतो का, हे घरीच बघून ठेवा. सर्व्हिस सेंटरवाले मशिनने आवळतात आणि मग तो हाताला दाद देत नाही. नवी ट्यूब बसवताना तिला चिमूटभर टाल्कम पावडर लावा, पीळ पडत नाही.